हलकें कुंपण
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



कुंपण हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें कांहीं तरी कायमचें उभें राहतें. घराभोंवतीं दगडी गडगा असावा, शेताभोंवतीं निवडुंगाची रांग असावी, आणि आजोबांनीं घातलेलें कुंपण नातवाच्याही उपयोगीं पडावें, अशी आपली समजूत. परंतु नित्याच्या व्यवहारांत जीं कुंपणें लागतात, त्यांतलीं पुष्कळशीं चार दिवसांचींच असतात. नळासाठीं रस्त्यांत चर खणतात, तो आठ-पंधरा दिवस उघडा राहतो. अंगणांत मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले, तर रोपें वर येईपर्यंतच त्यांस कोंबड्यांपासून राखावें लागतें. घराच्या आवारांत पाण्याच्या टाकीसाठीं खड्डा घेतला, तर टाकी पुरी होईपर्यंत मुलांस तेथून दूर ठेवणें भाग असतें.

अशा कामीं कायमचें कुंपण कोणी घालीत नाहीं, आणि म्हणून बहुधा कोणतेंच कुंपण घातलें जात नाहीं. दोन काठ्या, त्यांस बांधलेली एक सुतळी, आणि सुतळीला अडकवलेली लाल चिंधी, एवढ्यावर आपण भागवतों. ही सुतळी मोठ्या माणसाला सूचना देते. चार वर्षांच्या मुलाला ती अडवीत नाहीं. म्हणून तारेच्या जाळीचें हलकें, तात्पुरतें कुंपण कसें योजावें, याविषयीं आज दोन शब्द बोलावयाचें योजिलें आहे. मी इंजिनियर नव्हें. शाळेंत त्रैराशिक आणि भूमिति शिकवणाऱ्याला जेवढा हिशोब येतो, तेवढाच या विषयाला पुरतो.

तात्पुरत्या कुंपणाची विद्या आपणांस नवी नाहीं. पावसाळा सरल्यावर आपले मेंढपाळ धनगर कळप घेऊन देशावरून दूरदूर जातात. रात्रीं ज्या शेतांत मेंढ्या बसवावयाच्या, तेथें ते काठ्या रोंवून भोंवतीं जाळें लावतात. त्याला ते वाघर म्हणतात. संस्कृतांत वागुरा म्हणजे जाळें. दोन्ही शब्दांचें नातें उघड दिसतें. सकाळीं वाघर गुंडाळून घोड्यावर घालतात, आणि रात्रीं ती दुसऱ्या शेतांत उभी राहते. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतें, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसा मिळतो. मेंढीनें जोर केला तर वाघर मोडेल, हें धनगराला ठाऊक असतें. पण मेंढी जोर करीत नाहीं, आणि जागता राखण्या व कुत्रीं जवळ असतात. म्हणजे ज्या प्राण्याला अडवावयाचें त्याचा स्वभाव, उचलणाऱ्याचें बळ, आणि राखणारा माणूस, या तिहींचा मेळ वाघरेंत घातलेला आहे. तात्पुरत्या कुंपणाचें सारें मर्म यांतच आहे.

आतां तारेच्या जाळीकडे वळूं. इंग्लंडांतील नॉर्विच हें शहर कापडाच्या मागांसाठीं नांवाजलेलें होतें. तेथील चार्ल्स बर्नार्ड या गृहस्थानें 1844 सालीं मागाच्याच धर्तीवर तारेची जाळी विणण्याचें यंत्र तयार केलें. त्यापूर्वीं, 1837 सालीं, सोरेल या फ्रेंच संशोधकानें लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें होतें. या दोन युक्ति एकत्र आल्या आणि पावसांत लवकर न गंजणारी स्वस्त जाळी सामान्य माणसाच्या हातीं आली.

बाजारांत आज मुख्यतः तीन प्रकारची जाळी मिळते. पहिली षट्कोनी भोकांची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती. ती फार हलकी असते आणि सहज गुंडाळतां येते. पण तिला स्वतःचा आकार नाहीं. दाबाल तशी ती वांकते. दुसरी चौकटच्या पत्त्यासारख्या भोकांची, चेनलिंक नांवाची. ती एकांत एक अडकवलेल्या नागमोडी तारांची असते. ती मजबूत खरी, परंतु दोन भक्कम खांबांमध्यें ताणून धरली तरच ती उभी राहते, आणि तो ताण सोसण्यासाठीं टोकांच्या खांबांस तिरपे टेके द्यावे लागतात. चार दिवसांच्या कामाला हा खटाटोप परवडत नाहीं. तिसरी वेल्ड केलेली जाळी. तींत उभ्या-आडव्या तारा प्रत्येक सांध्यावर जोडलेल्या असतात. तिचा तुकडा कापला तरी तो उसवत नाहीं आणि आपला आकार सोडीत नाहीं. आपल्या कामाला हीच पतकरावी.

तार किती जाड घ्यावी? दुकानदार गेज सांगतो, आणि गेजचा आंकडा जसा वाढतो तशी तार बारीक होते, हें आधीं ध्यानांत ठेवावें. चौदा गेजची तार सुमारें 2 मिलिमीटर जाड असते, दहा गेजची 3 मिलिमीटरांहून थोडी अधिक. 2 मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेचें वजन दर मीटरला सुमारें 25 ग्रॅम भरतें. 3 मिलिमीटरची घेतली तर 55 ग्रॅमांच्या वर जातें. जाडी दीडपट केली कीं वजन सव्वादोनपट होतें, कारण वजन जाडीच्या वर्गाप्रमाणें वाढतें. जाड तार घेतली म्हणजे कुंपण चांगलें झालें, ही समजूत येथें महाग पडते. ताठपणा चौकटीनें आणावा, जाळीनें केवळ भोक बुजवावें.

ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं पुढील हिशोब मांडून पाहावा. 2 मीटर लांब आणि 1.2 मीटर उंच अशी एक चौकट घ्या. तिच्यासाठीं 20 मिलिमीटर व्यासाची, 1.2 मिलिमीटर जाड पत्र्याची पोलादी नळी घेतली, तर परिघाच्या 6.4 मीटरांचें वजन सुमारें साडेतीन किलो होतें. जाळीच्या तारा दोन्ही बाजूंनीं साडेसात सेंटिमीटरांवर असल्या, तर एका चौरस मीटरांत 26.7 मीटर तार बसते, म्हणजे सुमारें 660 ग्रॅम. चौकटीच्या 2.4 चौरस मीटरांस ती 1.6 किलो लागते. एकूण वजन पांच किलोंहून किंचित् अधिक. एवढें ओझें घरांतील कोणतेंही धडधाकट माणूस एकट्यानें उचलूं शकतें.

याच हिशोबांत एक गंमत दडलेली आहे. भोकें चौरस न ठेवतां उभीं लांबट ठेवा. उभ्या तारा पांच सेंटिमीटरांवर आणि आडव्या पंधरा सेंटिमीटरांवर घ्या. तारेची लांबी मोजून पाहाल, तर तीही 26.7 मीटरच येते. वजन तेंच, पण काम निराळें. लहान मूल जाळीवर चढतें तें आडव्या तारांवर पाय देऊन. त्या पायऱ्या आतां निम्म्या झाल्या. शिवाय मुलाचें डोकें शिरूं नये म्हणून फट दहा सेंटिमीटरांहून कमी असावी लागते, तीही अट पुरी झाली. कोंबडीच्या पिलांसाठीं मात्र दोन सेंटिमीटरांहून बारीक भोकांची जाळी तळाला वीतभर उंचीपर्यंत वेगळी बांधावी. साऱ्या चौकटीला ती लावून वजन वाढवूं नये.

कुंपण हलकें केलें कीं वारा त्याचा शत्रु होतो. वैशाखांत वळवाच्या आधीं सुटणारा वारा ताशीं 72 किलोमीटर वेगाचा धरा. त्याचा जोर, आकाराचा परिणाम जमेस धरून, दर चौरस मीटरला सुमारें 30 किलो होतो. पण जाळीच्या तारा एकूण क्षेत्राचा जेमतेम विसावा भाग अडवतात. तारा आणि नळ्या मिळून चौकटीची पाव चौरस मीटर जागाच वाऱ्याच्या तोंडीं येते, आणि तिच्यावर सुमारें पावणेआठ किलोंचा दाब पडतो. आतां याच चौकटीवर कोणी जाहिरातीचें कापड ताणून बसवलें, तर सारी 2.4 चौरस मीटर जागा वारा अडवूं लागते, आणि दाब 72 किलोंवर जातो. जाळीचें कुंपण पडतें तें बहुतेक कापडामुळें. सभामंडपाच्या कडेला, रस्त्याच्या कामावर, जेथें जेथें अशा चौकटींवर फलक आणि ताडपत्र्या अडकवलेल्या दिसतील, तेथून वळवाच्या दिवसांत जरा दुरूनच चालावें.

दाबाला तोंड द्यावयाचें तें पायानें. चौकटीच्या तळाला 60 सेंटिमीटर रुंदीचे आडवे पाय लावले, तर कलंडण्याविरुद्ध तिचें वजन 30 सेंटिमीटरांच्या तरफेनें काम करतें. वारा मात्र चौकटीच्या मध्यावर, म्हणजे 60 सेंटिमीटर उंचीवर ढकलतो. मांडणी केली म्हणजे असें दिसतें कीं, उघड्या जाळीच्या चौकटीला दहा किलोंची वाळूची पिशवी पायांवर ठेवली कीं तोल जेमतेम सांभाळतो. कापड लावल्यास सुमारें 140 किलो वाळू लागेल! जेमतेम सांभाळलेला तोल म्हणजे सुरक्षितपणा नव्हे. म्हणून येईल त्या आंकड्याच्या दीडपट तरी वजन ठेवावें.

याहून चांगली तोड म्हणजे कुंपण सरळ रेषेंत उभेंच करूं नये. नागमोडी लावावें. घडीचा पडदा जमिनीवर उभा राहतो आणि सरळ फळी पडते, याचें कारण प्रत्येक घरांत पाहावयास मिळतें. आपल्या चौकटी एक आड एक पुढें-मागें अशा ठेवा कीं वांकांची खोली एक मीटर होईल. मग 2 मीटरांच्या चौकटीनें रेषेंतील 1.73 मीटर जागा व्यापली जाते. म्हणजे आठव्या हिश्श्याहून थोडें अधिक नुकसान होतें. पण तरफ 30 सेंटिमीटरांवरून 50 वर जाते, आणि दर सांध्याला चार किलोंचें ओझें पुरतें. दीडपटीच्या नियमानें सहा-सात किलो बांधावें. बाहेर आलेल्या पायांस अडखळून पडण्याचें भयही उरत नाहीं. जमीन मातीची असेल, तर सांध्यांतून एक सळई हातभर खोल ठोकली कीं ओझ्याचेंही कारण नाहीं.

सांधा हा असा असावा कीं त्याला हत्यार लागूं नये. एका चौकटीच्या कडेला दोन कड्या, शेजारच्या चौकटीला त्यांच्या किंचित् वर-खालीं दोन कड्या, आणि चारींतून वरून सोडलेली एक सळई. सळईचें वरचें टोक वांकवावें, म्हणजे ती खालीं निसटत नाहीं व डोळ्यांत जात नाहीं. जाळीच्या कापलेल्या तारांचीं टोकें नळीच्या आंत वळवावींत. वरच्या नळीला पांढरा रंग द्यावा, कारण बारीक तार तिन्हीसांजेला दिसत नाहीं. खालची नळी जमिनीपासून चार बोटांहून वर असूं नये; पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध माणसाला कुंपण कळतें तें या खालच्या नळीवरून.

आतां मुख्य प्रश्न. एवढा हलकेपणा कशासाठीं? जाड, भक्कम लोखंड काय वाईट?

एका शाळेच्या आवारांत टाकीसाठीं पुरुषभर खड्डा खणला होता. ठेकेदारानें भोंवतीं जाड लोखंडी चौकटी आणून उभ्या केल्या. त्या इतक्या जड कीं दोघां गड्यांस मिळून एक हलवावी लागे. पहिल्या दिवशीं माती काढण्यासाठीं एक चौकट बाजूला केली आणि सायंकाळीं परत लावली. दुसऱ्या दिवशीं ती अर्धवट लावली. तिसऱ्या दिवशीं काम संपतां संपतां एक गडी आधीं घरीं गेला; दुसऱ्याला एकट्यानें ती उचलवेना. दुसऱ्या दिवशीं काम लवकर सुरू व्हावयाचेंच होतें, म्हणून चौकट भिंतीला टेकून राहिली. सकाळीं शाळा भरण्यापूर्वीं पांचवींतला एक मुलगा चेंडूमागें धावत गेला. हात मोडला, पण जीव वांचला. पुढें चौकशी झाली तेव्हां सर्वांनीं चौकटी हालवून पाहिल्या आणि त्या भक्कम असल्याचा निर्वाळा दिला. तो खराही होता. सातांपैकीं सहा चौकटी जागच्या हललेल्या नव्हत्या.

तात्पुरतें कुंपण दिवसांतून चार वेळां उघडावें लागतें, हें त्याच्या जन्मालाच लागलेलें आहे. म्हणून तें किती जोर सोसतें, याच्याइतकाच दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे: दिवसभराच्या कामानें थकलेला एकटा माणूस, अंधार पडतांना, तें परत जागेवर ठेवील काय? पांच किलोंची चौकट तो ठेवील. चाळीस किलोंची उद्यांवर टाकील. हा दोष त्याच्या आळसाचा नाहीं, योजनेचा आहे.

मात्र हलक्या कुंपणाकडून भलतें काम मागूं नये. रानडुक्कर, बुजलेला बैल, लोटणारी गर्दी किंवा रस्त्यावरील वाहन यांस तें अडवूं शकणार नाहीं; तेथें भक्कमच कुंपण हवें. चराच्या अगदीं कांठावरही तें लावूं नये. कांठ ढांसळतो आणि कुंपणासह माणूस आंत जातो. निदान एक मीटर तरी मागें सरून उभें करावें, आणि खोल खड्डा रात्रीं फळ्यांनीं झांकावा. कुंपण हें झांकणाचा बदला नव्हे.

शेवटीं एक सूचना करून आपली रजा घेतों. एका घराला हीं कुंपणें वर्षांतून एखाद्या वेळींच लागतात. पण एका गल्लीला, एका गृहसंस्थेला तीं वरचेवर लागतात. दहा-बारा बिऱ्हाडांनीं मिळून बारा चौकटी करून घेतल्या, तर नागमोडी लावून त्यांनीं सुमारें वीस मीटर लांबी पुरी होते. काम संपल्यावर एकावर एक रचल्या, तर त्यांची थप्पी वीतभर उंचीची होते, आणि ती जिन्याखालीं राहते. लोहाराला किंवा वेल्डिंगवाल्याला मापें लिहून द्यावीं, आणि पहिली चौकट तयार झाली म्हणजे आपल्या घरांतील वयस्क माणसास ती उचलून पाहावयास सांगावी. त्यांनीं ती एकट्यानें, न थांबतां, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, तर उरलेल्या अकरा करावयास सांगाव्या. नाहीं तर नळी बदलावी.