धीरेंद्रनाथ गांगुली : मूकपटातील हास्य आणि मालकीचा प्रश्न

(बराकपूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या बराकपूरच्या छावणीत २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले, ज्याच्या आसपास हुगळीकाठी तागाच्या गिरण्यांची धुराडी उभी राहिली, तेथे एका विनोदी नटाच्या कारकिर्दीवर बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु परकीय सत्तेला या देशाने जसे बंडाने आणि संपाने उत्तर दिले, तसेच ते हास्यानेही दिले. त्या हास्याचे पुढे काय झाले, याचा हिशेब श्रमिकांच्या चळवळीने मांडला पाहिजे.

धीरेंद्रनाथ गांगुली, चित्रपटसृष्टीचे 'डी. जी.', यांचा जन्म १८९३ चा. त्यांचे शिक्षण शांतिनिकेतनात झाले. ते चित्रकार होते आणि हैदराबादेत त्यांनी कलाशिक्षकाची नोकरी केली. वेषांतराची त्यांना विलक्षण हातोटी होती. विविध रूपे घेतलेल्या स्वतःच्याच छायाचित्रांचे एक पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले आणि त्यातूनच पडद्याकडे जाण्याची वाट निघाली.

त्या काळी पूर्व भारतातील चित्रपटव्यवसाय जमशेटजी मदन यांच्या मुठीत होता. निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन ही तिन्ही अंगे एकाच पेढीकडे होती. मूकपटयुगाच्या अखेरीस भारत, ब्रह्मदेश व सिलोन मिळून या पेढीच्या ताब्यातील चित्रपटगृहांची संख्या शंभराच्या वर गेली होती. मदन कंपनीतील व्यवस्थापक नीतीश लाहिरी यांना बरोबर घेऊन गांगुलींनी १९१८ साली 'इंडो-ब्रिटिश फिल्म कंपनी' काढली. बंगाली मालकीची ही पहिली चित्रपटसंस्था मानली जाते. तिचा 'बिलेत फेरत' १९२१ मध्ये पडद्यावर आला. त्याची कथा गांगुलींची, नायकही तेच. विलायतेहून परतलेला, साहेबी रीतीभातींनी भारलेला आणि म्हणूनच स्वतःच्या घरात परका झालेला तरुण हा त्या चित्रपटाचा विषय होता.

या हास्याचे मोल काळाच्या संदर्भातच कळते. ते असहकार चळवळीचे वर्ष होते. १९१८ च्या चित्रपट कायद्यानुसार सेन्सॉरची मंडळे नुकतीच कामाला लागली होती आणि नायकाची वेशभूषा गांधीजींसारखी असलेल्या 'भक्त विदुर' या चित्रपटावर त्याच सुमारास बंदी आली. थेट राजकारण बोलणे जेथे अशक्य होते, तेथे गांगुलींनी राज्यकर्त्यांची नक्कल करणाऱ्या देशी बाबूची टर उडविली. प्रेक्षक कोणाला हसत आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पुढचा अध्याय हैदराबादचा. १९२२ साली निजामाच्या कृपाछत्राखाली गांगुलींनी तेथे 'लोटस फिल्म कंपनी' स्थापन केली आणि 'इंद्रजित', 'चिंतामणी' यांसारखे चित्रपट काढले. त्यांची स्वतःची चित्रपटगृहेही होती. १९२४ मध्ये त्यांनी मुंबईत तयार झालेला 'रझिया बेगम' दाखविला. मुसलमान राणी आणि तिचा हिंदू प्रजाजन यांच्या प्रेमाची कथा दरबाराला खपली नाही. गांगुलींना संस्थान सोडून जाण्याचा हुकूम झाला आणि उभारलेले सारे मागे टाकून ते कलकत्त्याला परतले. ज्या हाताने आश्रय दिला, त्याच हाताने तो काढून घेतला. सरंजामी कलाप्रेमाची मर्यादा ही अशी असते.

१९२९ साली त्यांनी पुन्हा कंपनी काढली, 'ब्रिटिश डोमिनियन फिल्म्स'. देवकी बोस आणि प्रमथेश बरुआ यांचा चित्रपटातील प्रवेश याच संस्थेतून झाला. गांगुलींचे हे मोठे ऋण आहे. तथापि विलायती नकलेची थट्टा करणाऱ्या माणसाला आपल्या दोन्ही कलकत्ता कंपन्यांच्या नावात 'ब्रिटिश' हा शब्द घालावा लागला, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. बाजारातील पत कोणत्या नावाला होती, हे त्या पाट्यांवरून वाचता येते.

त्याच १९२९ साली, कामाचे तास वाढविण्याच्या मालकांच्या निर्णयाविरुद्ध, हुगळीकाठच्या ताग कामगारांनी पहिला सार्वत्रिक संप केला. आदल्या वर्षी मुंबईचे गिरणी कामगार सहा महिने झुंजले होते. गांगुलींच्या पडद्यावर तो कामगार आला नाही. त्यांच्या विनोदाचे क्षेत्र मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यापुरते राहिले. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९२५ सालीच 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी उभा केला होता आणि ती भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. ही तुलना गांगुलींना कमी लेखण्यासाठी केलेली नाही. मूकपटाला काय शक्य होते, ते तीवरून ध्यानात यावे.

१९३१ मध्ये बोलपट आला. ध्वनियंत्रणेचे भांडवल छोट्या कंपन्यांजवळ नव्हते. 'ब्रिटिश डोमिनियन' टिकली नाही आणि संस्थापक स्वतः 'न्यू थिएटर्स'मध्ये दुसऱ्याच्या छत्राखाली काम करू लागला. तेथेही त्यांनी विनोद सोडला नाही. १९७४ मध्ये पद्मभूषण आणि १९७५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

सन्मान झाला, कलाकृतींचे काय? भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, त्यांतील मूठभरच हाती राहिले. नायट्रेटची फीत पेट घेणारी आणि कुजणारी. शिवाय तिच्यातील चांदीसाठी ती विकली गेली. बंगालच्या मूकपटांपैकी १९३१ चा 'जमाईबाबू' हाच काय तो पूर्णावस्थेत वाचला म्हणतात. १९६४ साली पुण्यात सार्वजनिक पैशातून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले नसते, तर एवढेही उरले नसते. २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ही संस्था चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यास मंजुरी दिली, तेव्हा चित्रपटकर्मींनी हरकत घेतली, ती याच जाणिवेने.

मदनांची मक्तेदारी, निजामाची मर्जी आणि ध्वनियंत्रणेचे भांडवल, तिघांनीही गांगुलींना पुन्हा पुन्हा आरंभापाशी आणून सोडले. प्रत्येक वेळी ते उठून उभे राहिले, ही त्यांची थोरवी होय. परंतु कलावंताच्या जिद्दीवर समाजाने आपली जबाबदारी ढकलू नये. जे जनतेला हसविण्यासाठी निर्माण झाले, ते जनतेच्या मालकीचे राहिले पाहिजे, ही मागणी सांस्कृतिक आघाडीवरील प्रत्येक साथीने आपली मानावी.