ऑफ द रेकॉर्ड, ऑन रेकॉर्ड

‘हे ऑफ द रेकॉर्ड सांगतो हं’, असं आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. ऐका, पण छापू नका आणि पुढं कुणाला सांगू नका, असा त्याचा अर्थ. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 1933 मध्ये आपल्या पहिल्याच पत्रकार परिषदेत ही अट वार्ताहरांना समजावून सांगितली होती. याच्या उलट ‘ऑन रेकॉर्ड’: उद्या कुणी नाकारू नये म्हणून नोंदवलेलं बोलणं.

मराठीत हे सांगताना जरा जपायला हवं. ‘दप्तरी दाखल’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो. पण फाइलीवर तो शेरा पडला, की प्रकरण मिटलं, पुढं काही करायचं नाही! त्यापेक्षा ‘नोंद घ्यावी’ बरं.

आपल्या भागात कागद आणि तोंड यांत अंतर फार. औद्योगिक वसाहत कागदावर तारापूरची, बोलण्यात बोईसरची. त्यानं कुणाचं बिघडत नाही. जमिनीचं मात्र तसं नाही. डहाणू, जव्हार, मोखाड्याकडे कित्येक आदिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आली, पण सातबाऱ्यावर नाव नाही. म्हणजे सारं शेत ऑफ द रेकॉर्ड!

2006 च्या वनहक्क कायद्यानं ही वाट उघडली. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यायचा. तो एकाहून अधिक प्रकारचा हवा. गंमत अशी, की अतिक्रमण केलं म्हणून वनखात्यानं पूर्वी फाडलेली दंडाची पावतीच इथं कामाला येते. शिक्षेचा कागद हक्काचा साक्षीदार होतो. गावातल्या जाणत्यांचा जबाबही चालतो, मात्र तो लिहून घेतलेला हवा आणि जाणता स्वतः दावेदार नसावा.

इंग्रजी ‘रेकॉर्ड’ शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘हृदय’ आहे. मनात पुन्हा आणणं, असा तो अर्थ. आजोबांच्या मनात जे आहे ते कागदावर उतरवणं, हेच इथलं काम. जबाबात नाला, बांध, जुनं झाड अशा खुणा आणि वर्षं येऊ द्या. ‘फार पूर्वीपासून’ एवढं पुरत नाही. वनहक्क समितीकडे दावा दिला, की पोच मागा. दावा फेटाळला तर कारणं लेखी मागा. वरच्या समितीकडे दाद मागायला 60 दिवस मिळतात, आणि ते मोजताना तोंडी निरोप कामाचा नाही.