मोडाचा गहू पथ्याला चालतो का?

पोराला सिलिअ‍ॅकचा आजार निघून डॉक्टरांनी गहू बंद केला, की घरात कुणीतरी म्हणतंच, "मोड आणून सत्त्व करा, बाधायचं नाही." बाधतं! मोड येताना गव्हातलं ग्लूटेन थोडं मोडतं, संपत नाही. किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ते चालतं. मोडाच्या गव्हात कितीतरी जास्त उरतं. खपली आणि जवही तसेच वर्ज्य. नाचणी, मूग, मटकीला खुशाल मोड आणा. ज्वारीचे मोड मात्र वाळवून चोळून काढावेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, तेच विष त्या कोंबांत असतं. आणि दळणाचं काय? गिरणीत गव्हावर दळलेली भाकरीही त्या पोराला नको. जुनं जातं असेल तर स्वच्छ धुऊन त्याच्या दळणाला वेगळं ठेवा, त्यावर गहू घालू नका.