अकलेचे २६ पर्याय आणि एक सूर्य

इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे राजवाड्यात ऑगस्ट १९३६मध्ये तिसरी तुर्की भाषा परिषद भरली. परदेशांतूनही काही विद्वान आले होते, आणि चर्चेला होता ‘गुनेश-दिल’ सिद्धान्त. गुनेश म्हणजे सूर्य, दिल म्हणजे भाषा. सिनेमातल्या गाण्यांमधल्या दिलाशी या दिलाचं काही नातं नाही. सिद्धान्त थोडक्यात असा: आदिमानवानं मान वर करून सूर्य पाहिला, त्याच्या तोंडून ‘आऽ’ निघालं, तोच माणसाचा पहिला शब्द. हा ‘आऽ’ तुर्की. म्हणून जगातल्या साऱ्या भाषांचं मूळही तुर्की.

हसू येतं खरं. पण ही माणसं खुळी नव्हती, अडकली होती.

१९२८ साली तुर्कस्तानचे अध्यक्ष मुस्तफा केमाल अतातुर्क यांनी अरबी लिपी मोडीत काढून रोमन आणली. १९३२मध्ये भाषासंस्था निघाली आणि अरबी-फारसी शब्दांची हकालपट्टी जोरात सुरू झाली. हाकलायच्या शब्दांत मराठी माणसाला घरचीच मंडळी भेटतात: कलम, दफ्तर, हिशेब, दुकान, दुनिया. जुन्या पोथ्या आणि गावोगावच्या बोली धुंडाळून १९३४मध्ये पर्यायी शब्दांचा संग्रह छापला गेला. त्यात भेटवस्तूसाठीच्या ‘हदिया’ला ७७ पर्याय होते आणि एकट्या ‘अक्कल’ला २६! वर्तमानपत्रात लेखक सवयीच्या भाषेत मजकूर लिही, मग दुसरा कुणी संग्रह उघडून शब्द बदलत बसे. कुणी कोणता पर्याय उचलावा याला धरबंध नव्हता. त्याच वर्षी स्वीडनच्या युवराजांच्या मेजवानीत खुद्द अतातुर्क यांनी असल्या नव्याकोऱ्या तुर्कीत भाषण केलं. पुढे, भाषा आपण बंद बोळात आणून ठेवली, अशी कबुली त्यांनी फालिह रिफ्की अताय या पत्रकाराजवळ दिली.

आता बोळातून उलटं फिरायचं, तेही नाक न कापता. अशा वेळी, १९३५मध्ये, व्हिएन्नाच्या हेरमान क्वेर्गिच यांचं एक फ्रेंच टिपण अतातुर्क यांच्या हाती आलं. त्यात तुर्की ध्वनींचा मानसशास्त्रीय अर्थ लावला होता. अंकारात त्या धाग्यावरून अख्खं महावस्त्र विणलं गेलं. शब्दाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यामागे सूर्याचा ‘आऽ’ लपलाय असं मानायचं, नडणारे ध्वनी गळून पडले म्हणायचं. ‘इलेक्ट्रिक’चं मूळ उइघुर या तुर्की कुळातल्या भाषेतल्या ‘याल्त्रिक’मध्ये, म्हणजे चकाकीत, सापडलं. शास्त्र म्हणून हे शून्य. पण सोय मोठी झाली. अरबी शब्दही मुळात तुर्कीच ठरले, तर त्यांना हाकलायचं कशाला?

मराठीतही शुद्धीची खटपट झाली. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ रुजवले. उलट बाजूनं माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला. वाद कडाडून झाले. मात्र ‘वकील’ ठेवायचा म्हणून तो मूळचा मराठी ठरवण्याची पाळी आपल्यावर आली नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी अतातुर्क त्याच दोल्माबाह्चेत वारले. अंकारात हा सिद्धान्त शिकवणारे इब्राहिम नेज्मी दिल्मेन यांनी वर्ग बंद केले. विद्यार्थ्यांनी कारण विचारलं तेव्हा, सूर्यच मावळला, आता सिद्धान्त कसला, असं ते म्हणाल्याचं सांगतात.

आजही इस्तंबूलच्या खानावळीत जेवण झालं की गिऱ्हाईक वेटरला हाक मारतं ती ‘हेसाप’ म्हणून. हा आपलाच हिशेब.