पायांतील बळ आणि ते कमावण्याची रीत

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय विद्यार्थ्यांनीच मला दिला आहे, असे म्हटले तरी चालेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सायकल शर्यती मोबाईलवर पाहून नववी-दहावीची मुले विचारू लागली, "सर, या खेळाडूंच्या मांड्या एवढ्या भरदार कशा? सायकल तर आम्हीही रोज चालवतो. मग आमच्या का होत नाहीत?" प्रश्न उत्तम आहे. पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो : "लवकरात लवकर कशा होतील?" या दुसऱ्या प्रश्नापायी किती तरी तरुण पैसा आणि प्रकृती दोन्ही गमावून बसतात. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम ही शर्यत कशी असते ते पाहू. ती रस्त्यावर होत नाही. तिच्यासाठी वेलोड्रोम नावाचे खास मैदान असते. त्यातील लाकडी धावपट्टी २५० मीटरची असून वळणावर ती सुमारे ४२ अंशांनी भिंतीसारखी उभी चढवलेली असते. या सायकलीला ब्रेक नसतो आणि पायडल मोकळे फिरत नाही. चाक फिरते तोवर पाय फिरवावेच लागतात. वेगाच्या शर्यतीतील शेवटचे २०० मीटर म्हणजे खरी झुंज. पॅरिसला नेदरलँड्सच्या हॅरी लाव्हरेसनने पात्रता फेरीत २०० मीटर अंतर ९.०८८ सेकंदांत कापले. हिशेब केला तर हा वेग ताशी ७९ किलोमीटर होतो. अशा खेळाडूचे पाय काही क्षण दोन हजार वॅटहून अधिक शक्ती निर्माण करतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे माणसाच्या दोन पायांत क्षणभर जवळजवळ तीन घोड्यांचे बळ येते!

आता एक कोडे घालतो. आपल्या गावातला दूधवाला सायकलला कॅन बांधून रोज पंधरा-वीस किलोमीटर फिरतो. वर्षानुवर्षे फिरतो. त्याचे पाय चिवट असतात, पण जाड नसतात. उलट वेलोड्रोमवरचा वीर दहा-वीस सेकंदांसाठी जीव तोडून सायकल मारतो आणि त्याची मांडी खांबासारखी असते. ज्याने सायकल जास्त चालवली त्याचे पाय बारीक आणि ज्याने कमी चालवली त्याचे जाड, हे कसे? आणखी गंमत अशी की, त्याच धावपट्टीवर ४ किलोमीटरची शर्यत खेळणाऱ्यांच्या मांड्या या वेगवीरांइतक्या जाड नसतात. तेव्हा गुण सायकलीचा नव्हे. ती कशी चालवली आणि सायकलीबाहेर काय केले, त्याचा आहे.

याचे कारण स्नायूंच्या रचनेत आहे. आपल्या स्नायूंत ढोबळ मानाने दोन प्रकारचे तंतू असतात. काही मंद पण न थकणारे, तर काही जलद, जोरकस, पण लवकर दमणारे. जाड होण्याची क्षमता दुसऱ्या प्रकारात अधिक. शरीर मात्र मोठे काटकसरी आहे. घरातले कपाट सरकवायला घरचीच दोन माणसे पुरतात. लग्नाचा मांडव उभारायचा तर मोहल्ल्यातल्या जवानांना हाक मारावी लागते. तसेच, हलक्या कामाला शरीर मंद तंतूंनाच लावते. जलद तंतूंना बोलावणे जाते ते ओझे फार जड असेल किंवा जोर अगदी सर्वस्व पणाला लावून केलेला असेल तेव्हाच. दूधवाल्याच्या जलद तंतूंना वर्षभरात क्वचितच हाक येते.

म्हणून वेगाच्या शर्यतीचे सायकलपटू आठवड्यातले दोन-तीन दिवस व्यायामशाळेत काढतात. खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठका मारणे, जमिनीवरचे वजन उचलणे, पायाने वजन रेटणे हे त्यांचे मुख्य काम. त्यातून मांडीच्या पुढील चार स्नायूंचा गट, मांडीमागचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू तयार होतात. पायडल दाबण्याचे काम मुख्यतः हेच करतात. पोटरी त्यांना साथ देते. सायकलीवर ते जागच्या जागेवरून पूर्ण जोराने सुटण्याचा सराव करतात. एक जोर काही सेकंदांचा आणि त्यानंतर कित्येक मिनिटांची विश्रांती.

हे एका हंगामाचे काम नव्हे. स्कॉटलंडच्या ख्रिस हॉयने २००४ साली अथेन्सला एक, २००८ साली बीजिंगला तीन आणि २०१२ साली लंडनला दोन, अशी सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. जपानचा कोइची नाकानो १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे वेगाच्या शर्यतीत व्यावसायिकांचा जगज्जेता होता. दहा वर्षे! आपल्याकडे दहा दिवस व्यायाम केला की मुले आरशात पाहू लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यापुरते सांगतो. व्यायाम करताना स्नायू वाढत नाही. व्यायाम ही फक्त मागणी असते. पुरवठा नंतर अन्नातून आणि झोपेतून होतो. कष्टानंतर दीड-दोन दिवस स्नायूची बांधणी चालू असते. म्हणून पायांचा जड व्यायाम रोज करू नये. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस आणि मध्ये एक दिवस सोडून करावा. पहिले सहा-आठ आठवडे ताकद वाढेल, पण टेप लावला तर माप फारसे हलणार नाही, कारण आधी मज्जातंतू स्नायूंना कामाला लावण्यास शिकतात. माप त्यानंतर बदलते. वयात येण्यापूर्वी तर ताकद वाढली तरी आकार फारसा वाढत नाही. त्यात निराश होण्यासारखे काहीच नाही.

आरंभ आपल्या शरीराच्या वजनानेच करावा. सावकाश खाली जाणारी बैठक, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणे, शाळेच्या पायरीवर एकेका पायाने चढणे आणि टाचा उचलणे, हे चार प्रकार पुरेत. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, असे तीन फेरे. बैठकीत टाच जमिनीला टेकलेली असावी, गुडघा आत वळू नये, कंबर गोल होऊ नये. बारा सहज होऊ लागल्या की संख्या शंभरावर नेऊ नये, ओझे वाढवावे. दप्तरात पुस्तके भरून ते पाठीवर घ्या. पुढे जाणत्या उस्तादाच्या देखरेखीखाली बार घ्या. तालमीतल्या शेकडो बैठकांनी दम वाढतो, ते बळही मोलाचे आहे. परंतु आकार आणि जोर हवा असेल तर वाढते ओझे हवे. वजन उचलल्याने उंची खुंटते, ही समजूत खरी नाही. योग्य रीतीने आणि देखरेखीखाली केलेला व्यायाम किशोरवयात सुरक्षित आहे.

सायकलीचा उपयोगही करून घ्यावा. मोकळ्या, वाहने नसलेल्या जागी दहा सेकंद पूर्ण जोर लावा, मग तीन-चार मिनिटे रमतगमत चालवा. असे चार-पाच वेळा पुरे. मात्र आधी सीट तपासा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. पुष्कळ मुले सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकललाच दोष देतात.

आहाराविषयी पालकांशी बोलतो. स्नायू वाढवू पाहणाऱ्यास दिवसाकाठी शरीराच्या दर किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. पन्नास किलोच्या मुलाला पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सुमारे आठ ग्रॅम. बाकीची भर डाळ, चणे, शेंगदाणे, मासळी, मटण यांतून होते. हे सारे आपल्या स्वयंपाकघरात आहे. दुकानातली महागडी पावडर म्हणजे बहुधा दुधातूनच काढलेले प्रथिन. त्यात जादू नाही. भाकरी-भातही सोडू नये, कारण जोराच्या व्यायामाचे इंधन तेच आहे. झोप किमान आठ तास हवी. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहणाऱ्याने सकाळी बैठका मारल्या तरी त्याच्या पदरात थोडेच पडते. रमजानच्या महिन्यात ओझे वाढवण्याचा हट्ट नको. इफ्तारनंतर थोड्या वेळाने हलका व्यायाम करून कमावलेले टिकवावे, एवढे पुष्कळ झाले.

आता धोक्याची सूचना. काही ठिकाणी मुलांना "तीन महिन्यांत शरीर" देणारी इंजेक्शने आणि गोळ्या सुचवल्या जातात. हे स्टेरॉइड हृदय आणि यकृत बिघडवते, पुरुषत्वाच्या ग्रंथी आकसवते आणि वाढत्या वयात हाडांची वाढीची जागा वेळेआधीच बंद करून उंची थांबवू शकते. बळकट दिसण्यासाठी घेतलेली वस्तू आयुष्यभराचे दुबळेपण देऊन जाते. पालकांनो, मुलगा व्यायामशाळेत जातो एवढ्यावर समाधान मानू नका. तेथे त्याला कोण काय देतो, हेही प्रेमाने विचारा. दरडावून विचाराल तर तो सांगणार नाही.

दुसरा धोका अतिरेकाचा. सवय नसताना एका दिवसात शेकडो उठाबशा काढल्या तर स्नायूंचे तंतू फुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. व्यायामानंतर पायांत असह्य वेदना होऊन लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब इस्पितळ गाठावे. म्हणूनच शिक्षक या नात्याने मी म्हणतो की, उठाबशा ही शिक्षा असता कामा नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली आहेच. पण कायदा नसता तरी, ज्या व्यायामाची गोडी लावायची त्यालाच अपमानाचे साधन बनवणे शहाणपणाचे नाही.

एक गोष्ट मुलांनी मोकळ्या मनाने स्वीकारावी. जलद तंतूंचे प्रमाण प्रत्येकात सारखे नसते. ते बरेचसे जन्मतःच ठरते. तेव्हा एकाच व्यायामाने दोन मित्रांच्या मांड्या सारख्या होणार नाहीत. पण थोराड देह नसला म्हणून वाट बंद होत नाही. मलेशियाच्या डुंगुन गावचा अझिझुलहस्नी अवांग पाहा. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, भोवतीचे प्रतिस्पर्धी धिप्पाड. त्याने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये कैरिन या शर्यतीत कांस्यपदक मिळवले, २०१७ साली तो याच शर्यतीत जगज्जेता झाला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली भरले, त्याने रौप्यपदक जिंकले. मापाच्या फितीवर तो अनेकांच्या मागे असेल. शर्यतीत मात्र फार थोड्यांच्या मागे राहिला.

शेवटी आपल्या मुलींविषयी आणि घरातील वडीलधाऱ्यांविषयी. पायांचे बळ ही केवळ मुलग्यांची मिरवायची वस्तू नाही. या व्यायामाने मुलींचीही ताकद मुलांच्याच प्रमाणात वाढते. आकार तेवढा कमी वाढतो. तेव्हा "मुलगी आडदांड दिसेल" ही भीती मनातून काढून टाकावी आणि त्यांच्यासाठी शाळेच्या मैदानावर स्वतंत्र तास मिळावा, अशी संस्थेला माझी विनंती आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. दादी जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकते, अब्बा जिना चढताना कठड्याला धरतात, त्यात या झिजेचाही वाटा असतो. त्यांनाही खुर्चीवरून सावकाश उठण्या-बसण्याचा व्यायाम, डॉक्टरांना विचारून, करता येतो आणि कोणत्याही वयात त्याचे फळ मिळते.

विद्यार्थी मित्रांनो, एक चाळीस पानी वही घ्या. तारीख, व्यायाम, किती वेळा आणि किती ओझे, एवढेच रोज लिहा. मांडीचे माप तीन महिन्यांतून एकदाच घ्या. वही भरत गेली तर पाय भरतील. वही कोरी राहिली तर कोणतीही पावडर कामी येणार नाही.