उसाचा दर आणि जिनिव्हाचा निवाडा



केंद्र शासन दर हंगामास उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरविते. तो दर कारखान्याने द्यावयाचा असतो. शासन ऊस खरेदी करीत नाही. मग या दरास शासकीय आधार म्हणावयाचे काय? या प्रश्नावर जिनिव्हा येथे मोठा वाद झाला.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या कृषी करारानुसार भारतासारख्या देशास एखाद्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत असा आधार देता येतो. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांनी, भारताने ही मर्यादा ओलांडली व साखरेच्या निर्यातीसही अनुदान दिले, अशी तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ रोजी तज्ज्ञ समितीचा निर्णय भारताविरुद्ध गेला. पैसा कोण देतो हे गौण. शासनाने किंमत बांधून दिली की तो आधारच, असे समितीने मानले. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाबाबत मर्यादा ओलांडली गेली, असा तिचा निष्कर्ष होता.

यातील हिशेबाची रीत पाहण्याजोगी आहे. करारानुसार शासनाने बांधलेला दर १९८६-८८ या वर्षांच्या सरासरी आंतरराष्ट्रीय किमतीशी ताडून पाहावयाचा असतो. खत, मजुरी व डिझेल आजच्या भावाचे आणि तुलना मात्र त्या काळाशी! फरक मोठा निघावा यात नवल नाही. ही रीत अन्यायाची खरी; पण करारावर सही करतानाच ती मान्य झाली होती, हेही विसरून चालणार नाही. शिवाय तक्रारदारांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. भावाची हमी मिळाली की लागवड वाढते, साखर साचते, आणि ती अनुदानाच्या बळावर परदेशी गेली की जगातील भाव पडून तेथील ऊस उत्पादक नाडला जातो.

भारताने अपील केले. परंतु अपील मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडले होते. सात सदस्यांच्या या मंडळात एका अपिलाच्या सुनावणीस तिघे लागतात आणि अमेरिकेने नव्या नेमणुकांस संमती दिली नाही. परिणामी निर्णय झाला, पण बजावणी अडली.

या पोकळीचा भारतास लाभ झाला तसा तोटाही झाला. अमेरिकेतील काही राज्यांच्या अक्षय ऊर्जा अनुदानांविरुद्ध भारताने २०१९ मध्ये दावा जिंकला. अमेरिकेने अपील करताच तोही तेथेच अडकला. अखेर २०२३ साली उभय देशांनी सहा तंटे आपसांत वाटाघाटीने मिटविले, त्यांत हा एक होता.