कोणते बटण दाबले?



वसईच्या वाडीतली एक बाई पहाटेच फुलांच्या करंड्या घेऊन दादरच्या बाजाराला निघते. तिचा हिशेब शाळेत जाणारी मुलगी घरच्या संगणकावर ठेवते, असे समजू या. पडद्यावर तीन बटणे आहेत: जास्मिन, चंपक आणि बनाना. रक्कम लिहायची आणि ज्या मालाची ती असेल त्याच्या बटणावर टिचकी मारायची. आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? अवघड इतकेच, की कोणते बटण दाबले हे प्रोग्रामला नीट ओळखता आले पाहिजे. नाही तर मोगऱ्याचे पैसे केळीच्या खात्यात जातील, आणि महिनाअखेरपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही यायचे नाही.

मग ओळखायचे कसे? टिचकी पडद्यावर कुठे पडली ती जागा मोजावी, असे कोणालाही पहिल्याने सुचते. तसे करू नये. खिडकी लहानमोठी केली की बटणे सरकतात. शिवाय बटण निवडून कळफलकावरची स्पेसची पट्टी दाबली तरी ते दाबले जाते. तिथे टिचकीचा प्रश्नच नाही. बटण दाबले गेले की प्रोग्रामला एक निरोप मिळतो. त्या निरोपालाच विचारावे, 'बाबा, तू कोणाकडून आलास?' जावा भाषेत हा प्रश्न 'गेटसोर्स' या शब्दाने विचारतात. १९९७ सालच्या १.१ आवृत्तीपासून तिथे ही रीत आहे. बटणे थोडी असतील तर प्रत्येकाला त्याचे स्वतंत्र काम नेमून द्यावे, हे त्याहून सोपे.

खरी फसगत पुढेच आहे. आईला वाचता यावे म्हणून मुलगी 'जास्मिन' पुसून 'मोगरा' लिहिते. किती चांगली गोष्ट! पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने बटण त्याच्यावरच्या अक्षरांवरून ओळखले होते: जास्मिन असेल तर हे खाते, चंपक असेल तर ते, नाही तर तिसरे. 'मोगरा' दोन्हींत बसत नाही, म्हणून पैसे मुकाट्याने केळीकडे जातात. जावामध्ये 'गेटॲक्शनकमांड' हा शब्द वापरतात त्यांनीही जपावे. वेगळी खूण दिली नसेल, तर तो बटणावरचीच अक्षरे हाती देतो. 'सेटॲक्शनकमांड' लिहून प्रत्येक बटणाला एकदाच कायमची खूण द्यावी. मग वर नाव कोणत्याही भाषेत असो.

आपल्या वसईचाच दाखला घ्या. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली मोठी घंटा त्या विजयानंतर वसईहून नेलेली मानतात. तिच्यावर १७२१ हे साल धातूतच उमटलेले आहे. ती चर्चमधून मंदिरात गेली, लोकांनी तिला नवे नाव दिले, पण ते साल काही बदलले नाही. बटणाची खूण अशी असावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांनी प्रोग्राम करून आणला की लगेच शाबासकी देऊ नका. आधी बटणांवरची नावे मराठीत करायला सांगा, आणि मग तीनही बटणे एकेकदा दाबून पाहा. रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यात गेली, तर शाबासकी खुशाल द्या.